गाडी थांबल्यानंतर: कोथरूडमधील एका ज्येष्ठ दाम्पत्याच्या प्रवासाचा हिशेब

पुण्यात कोथरूडमध्ये राहणाऱ्या एका दाम्पत्याचे हे प्रकरण आहे. येथे त्यांना काका आणि काकू एवढेच म्हटले आहे. काकांचे वय ७६, काकूंचे ७१. पेन्शन बेताची, पण नियमित. मुलगा वाकडला राहतो आणि हिंजवडीत नोकरी करतो. मुलगी नाशिकला आहे. दारात बारा वर्षे वापरलेली छोटी मोटार होती आणि ती फक्त काकाच चालवत असत. काकू कधी सायकलच्या पुढे गेल्या नाहीत, आणि आता दोन्ही गुडघ्यांच्या झिजेमुळे पायऱ्या चढणे त्यांना जड जाते.

२०२५ च्या फेब्रुवारीत नेत्रतज्ज्ञांनी काकांना गाडी चालवणे थांबवायला सांगितले. त्यांना काचबिंदू आहे. या आजारात समोरचे अक्षर बराच काळ स्वच्छ दिसत राहते, पण बाजूची नजर हळूहळू आकसत जाते, आणि पौड रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला बाजूने घुसणारी दुचाकी दिसलीच पाहिजे. काकांचा परवाना मात्र अगदी ताजा होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशी तरतूद आहे की, पंचावन्न वर्षे उलटलेल्या चालकाचा परवाना एका वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकृत होतो. सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, पण वयाची वरची मर्यादा नाही. कागदोपत्री काका ऐंशीपर्यंत मोटार चालवू शकत होते. म्हणजे गाडी कधी थांबवायची हा निर्णय प्रत्यक्षात घरावर सोडलेला असतो, आणि बहुतेक घरांत तो एखादा अपघात थोडक्यात टळल्यावरच होतो. येथे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितल्यामुळे तो वेळेवर झाला.

निर्णय झाला, पर्याय मात्र ठरला नव्हता. मुलगा म्हणाला, ‘बाबा, कुठे जायचे असेल तर मला फोन करत जा.’ मुलीने दोघांच्या मोबाइलवर टॅक्सीची ॲप टाकून दिली आणि नाशिकहून आपणही गाडी बोलावून देऊ शकतो हे दाखवले. दोन्ही सूचना मनापासून केलेल्या होत्या आणि दोन्ही महिनाभरात मागे पडल्या. वाकडहून कोथरूडला संध्याकाळी यायचे म्हणजे मुलाचे दोन तास जाणार हे काकांना ठाऊक होते, त्यामुळे ते फोनच करत नसत. सगळी कामे शनिवारवर ढकलली जात. ॲपवरचे भाडे गर्दीच्या वेळी वाढलेले दिसले की काका फोन खिशात ठेवत. परिणाम असा झाला की काकूंची फिजिओथेरपी आधी अनियमित झाली आणि मग बंद पडली, आणि मार्चच्या मध्यापर्यंत त्यांना दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरणेही नकोसे वाटू लागले. प्रवासावर त्या महिन्यात जवळजवळ काहीच खर्च झाला नव्हता. वाचलेल्या पैशांकडे पाहून कोणी याला काटकसर म्हटले असते, म्हणून हे मुद्दाम नोंदवले आहे.

फेऱ्यांची यादी

मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात अशा कामांना हातभार लावतो. काकांनी विचारले ते एवढेच, की सगळ्यांत स्वस्त वाहन कोणते. या प्रश्नाला उत्तर नाही, कारण दवाखाना, बँक, मंडई, नाटक आणि साताऱ्याजवळचे काकूंचे माहेर या पाच ठिकाणी जाणारे एकच स्वस्त वाहन असू शकत नाही. मोटार हे सगळे एकटी करत होती, आणि ती गेल्यावर तिच्या जागी दुसरे एकच काहीतरी शोधण्याची सवय सुटायला वेळ लागतो. म्हणून वाहनांऐवजी फेऱ्या लिहून काढल्या. कुठे जायचे, महिन्यातून किती वेळा, ती वेळ कोणी ठरवलेली आहे आणि ती बदलता येईल का, असे चार रकाने केले.

शेवटच्या रकान्यात काय लिहायचे यावर सर्वांत जास्त वेळ गेला. फिजिओथेरपीची वेळ संध्याकाळी सहाची होती. का? तर पूर्वी काका दुपारची झोप झाल्यावर गाडी काढत, म्हणून. बँकेत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जायचे. तेही जुन्या सवयीने. मंडईत रविवारी सकाळी, कारण रविवारी गाडी लावायला जागा मिळे. जवळजवळ सगळ्या वेळा मोटारीच्या सोयीने पडलेल्या होत्या आणि मोटार गेल्यावरही घर त्याच वेळापत्रकावर चालले होते. बदलता न येणाऱ्या वेळा फक्त दोन निघाल्या: डोळ्यांच्या तपासणीची, जी दर तीन महिन्यांनी रुग्णालय ठरवते, आणि नाट्यगृहातील प्रयोगांची.

काही फेऱ्या यादीतून गळाल्या, म्हणजे त्यासाठी बाहेर पडण्याचीच गरज उरली नाही. पेन्शनसाठी नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून ‘जीवन प्रमाण’द्वारे देता येतो. सत्तरीपुढील खातेदारांना घरपोच बँकसेवा द्यावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना केली आहे. शाखेत जाऊन तसे सांगावे लागते, आपोआप कोणी घरी येत नाही. औषधे दुकानदार पोहोचवतो. मंडई मात्र काकांनी यादीतून काढू दिली नाही. भाजी दारावरही येते, पण त्यांना भाजी निवडायला जायचे असते. घरबसल्या होणारी सगळी कामे घरातच करायची असे ठरवले तर प्रवासाचा खर्च शून्यावर आणता येतो आणि माणूसही घरात कोंडला जातो. त्यामुळे मंडई राहिली. फक्त रविवारऐवजी बुधवारी, बसमध्ये बसायला जागा मिळते तेव्हा.

दहा वाजताची रिक्षा

यादीतील सर्वांत तातडीची फेरी फिजिओथेरपीची होती. दवाखाना घरापासून साधारण अडीच किलोमीटरवर आहे. पुण्यात १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दरानुसार रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २५ रुपये आणि पुढील प्रत्येक किलोमीटरचे १७ रुपये आहे, म्हणजे एका बाजूचे ४२ रुपये. आठवड्यातून दोनदा, जाऊन येऊन, महिन्याचे ६७२ रुपये होतात. कागदावर हा आकडा झेपण्यासारखा होता. अडचण भाड्याची नव्हतीच. अडीच किलोमीटरसाठी रिक्षा मिळण्याची होती. जवळचे भाडे नाकारणे कायद्याने गुन्हा आहे, पण संध्याकाळी सहा वाजता कोपऱ्यावर उभ्या असलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईंना कलमांचा काय उपयोग? तीन रिक्षांनी मान हलवली की त्या घरी परतत.

येथे वेळेचा रकाना कामी आला. शाळेच्या मुलांना ने-आण करणाऱ्या रिक्षा सकाळी सातच्या सुमारास मुलांना सोडतात आणि दुपारी बारा-साडेबाराला पुन्हा शाळेच्या दारात उभ्या राहतात. मधल्या चार-पाच तासांत त्यांच्यापैकी अनेकजण स्टँडवर भाड्याची वाट पाहत असतात. सोसायटीतील मुलांना नेणारे एक रिक्षावाले सर्वांच्या ओळखीचे होते. फिजिओथेरपिस्टना विचारून वेळ सकाळी दहाची करून घेतली. त्यांनाही ती सोयीची निघाली, कारण संध्याकाळी नोकरदारांची गर्दी असते. रिक्षावाल्यांशी ठरले ते असे: मंगळवार आणि शुक्रवारी पावणेदहाला खाली उभे राहायचे, मीटरप्रमाणे भाडे घ्यायचे, अकराला दवाखान्यातून परत आणायचे, आणि पैसे महिनाअखेर एकदम. थांबण्याचे वेगळे पैसे त्यांनी मागितले नाहीत, कारण मधल्या तासात ते दुसरे भाडे मारू शकतात.

मग कळले की वरच्या मजल्यावरील एक शेजारीण खांद्याच्या दुखण्यासाठी त्याच दवाखान्यात जातात, त्याही ॲपवरून गाडी बोलावून आणि वेगळ्या दिवशी. त्यांनी आपले दिवस जुळवून घेतले. भाडे निम्मे झाले: काकूंच्या वाट्याला महिन्याला ३३६ रुपये. रिक्षावाल्याला मधल्या रिकाम्या वेळेत ठरलेले काम मिळाले, आणि काकूंना रिक्षासाठी कोपऱ्यावर उभे राहणे राहिले नाही. सवलत, अनुदान किंवा योजना यांपैकी कशाचाही यात संबंध नव्हता.

या व्यवस्थेतील दोष मे महिन्यात उघडा पडला. शाळेला सुट्टी लागली आणि रिक्षावाले दीड महिन्यासाठी गावी गेले. हे आधी लक्षात यायला हवे होते असे आता वाटते, पण त्या वेळी कोणाच्याही डोक्यात ते आले नाही, बहुधा आमच्यापैकी कोणाच्याच घरात आता शाळेत जाणारे मूल नाही म्हणून. त्या काळात फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा घरी येत आणि त्याचे जास्तीचे पैसे द्यावे लागले. जूनमध्ये गाडी पुन्हा रुळावर आली.

घर ते थांबा: आठशे मीटर

काकांच्या स्वतःच्या फेऱ्यांसाठी बस आणि मेट्रो पुरेशा होत्या, निदान नकाशावर तरी. पौड रस्त्यावरून पीएमपीएमएलच्या बस सतत जातात. मेट्रोचा वनाझ ते गरवारे कॉलेज हा टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला, १ ऑगस्ट २०२३ पासून ती रुबी हॉलपर्यंत आणि मार्च २०२४ पासून रामवाडीपर्यंत जाऊ लागली, आणि सप्टेंबर २०२४ अखेर जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी भागही खुला झाला. तिकीट १० रुपयांपासून ३५ रुपयांपर्यंत. शनिवार-रविवारी सर्वांनाच ३० टक्के सूट मिळते, त्यामुळे सुटीच्या दिवशी फिरायचे असेल तर मेट्रो आणखी स्वस्त पडते. स्थानकांत लिफ्ट आहेत. एवढे सगळे असताना काकांनी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मेट्रो एकदाही वापरली नव्हती.

कारण विचारल्यावर ते आधी म्हणाले की सवय नाही. खरे कारण त्यांच्या सोबत घरापासून स्थानकापर्यंत चालून गेल्यावर दिसले. अंतर साधारण आठशे मीटर. त्यात पदपथ तीनदा तुटतो. एका ठिकाणी त्यावर दुचाक्या लावलेल्या असतात, एका ठिकाणी विजेचा डबा आहे आणि एका ठिकाणी तो इतका उंच आहे की त्यावर चढण्यापेक्षा रस्त्यानेच जावे. बाजूची नजर गेलेल्या माणसाला रस्त्याच्या कडेने चालणे हे मोटार चालवण्याइतकेच अवघड असते; मोटारीत निदान भोवती पत्रा असतो. पंचवीस रुपयांच्या मेट्रोप्रवासाआधी हे आठशे मीटर पार करायचे आणि परत येताना, दमलेले असताना, पुन्हा पार करायचे. ज्येष्ठांसाठी स्वस्त प्रवास म्हटले की सगळी चर्चा तिकिटावर होते. माझ्या मते ती चुकीच्या टोकाला होते. पुण्यासारख्या शहरात तिकीट आधीच बऱ्यापैकी स्वस्त आहे. घरापासून थांब्यापर्यंतचा तुकडा हाच महागडा भाग आहे आणि त्याला कोणत्याच पासमध्ये सवलत मिळत नाही.

त्यावर काढलेला तोडगा साधा होता, पण काकांना तो पटवणे कठीण गेले. पैसे खर्च करायचेच असतील तर ते या आठशे मीटरवर करायचे. घरापासून स्थानकापर्यंत रिक्षाने २५ रुपये, मग मेट्रो. ‘आठशे मीटरला पंचवीस रुपये आणि पुढच्या आठ किलोमीटरला वीस-पंचवीस, हा कसला व्यवहार?’ असे ते म्हणत. पण संपूर्ण अंतर रिक्षाने गेले तर नऊ किलोमीटरचे मीटर सुमारे १५३ रुपयांवर जाते हे मांडून दाखवल्यावर त्यांचा विरोध मावळला. उलट दिशेने, म्हणजे घरी येताना, दिवस उजेडाचा असेल आणि हातात पिशवी नसेल तर ते चालतात. तेवढा व्यायाम त्यांनी स्वतःहून ठेवला आहे.

डोळ्यांच्या तपासणीचे गणित मात्र वेगळे ठेवावे लागले. रुग्णालय पुणे स्टेशनच्या बाजूला आहे. जाताना मेट्रो सरळ पडते. परंतु तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात आणि त्यानंतर काही तास नीट दिसत नाही, ऊन सहन होत नाही. तेव्हा येताना थेट दारापर्यंत रिक्षा, आणि सोबत कोणीतरी. ही फेरी तीन महिन्यांतून एकदाच असल्यामुळे तिच्यावर काटकसर करायची नाही असे ठरले. मुलाने त्या दिवशी अर्धी रजा घेऊन सोबत जायचे कबूल केले. ‘कधीही फोन करा’ यापेक्षा ‘वर्षातून चार ठरलेले दिवस’ ही मदत त्यालाही जमण्यासारखी होती आणि काकांनाही मागायला संकोच वाटत नव्हता.

काकूंसाठी मेट्रोपेक्षा बसचा प्रश्न मोठा होता, कारण त्यांच्या नेहमीच्या दोन-तीन ठिकाणी मेट्रो जात नाही. बसच्या तळाची उंची त्यांच्या गुडघ्यांना थेट जाणवते. खालच्या तळाच्या बसमध्ये ती सुमारे ४० सेंटिमीटर असते, जुन्या पद्धतीच्या बसमध्ये सुमारे ९० सेंटिमीटर, म्हणजे आत जायला दोन-तीन पायऱ्या. थांब्यावर कोणती बस येणार हे सांगता येत नाही, पण ‘आपली पीएमपीएमएल’ या ॲपवर बस कुठवर आली ते दिसते, त्यामुळे उन्हात उभे राहून वाट पाहणे कमी झाले. पायऱ्यांची बस आली तर ती सोडायची आणि पुढची पाहायची, एवढी मुभा त्यांनी स्वतःला दिली. घाई नसणे ही या वयात हाताशी असलेली फार मोठी सवलत आहे, आणि ती वापरायला लोक विसरतात.

पासाचा विचारही झाला. पीएमपीएमएल साठ वर्षांपुढील प्रवाशांना सवलतीचा मासिक पास देते आणि काकांचे मित्र तो घ्याच असे आग्रहाने सांगत होते. १ जून २०२५ पासून बसची भाडेवाढ झाली: पहिल्या टप्प्याचे पाच रुपयांचे दहा रुपये झाले, चाळीस रुपयांचा दैनिक पास सत्तरचा झाला. भाडे दुप्पट झाल्याची बातमी वाचून काका पासासाठी रांगेत उभे राहायला निघाले होते. त्यांना आधी वहीतली महिन्याची बसप्रवासाची पाने मोजायला सांगितले. मंडई आणि इतर कामे मिळून आठ-दहा फेऱ्या, बहुतेक दहा किंवा वीस रुपयांच्या. कोणताही मासिक पास वसूल व्हायला याच्या कितीतरी पट प्रवास करावा लागला असता. रोज बसने जाणाऱ्या माणसाला पास फायद्याचा असतो. आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याने सुटे पैसे बाळगावेत.

साताऱ्याची वाट

शहराबाहेरच्या प्रवासात परिस्थिती अगदी उलटी निघाली. येथे भाड्यातील सवलत खरोखरच मोठी आहे. एसटी महामंडळाच्या ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ योजनेनुसार २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना राज्यात मोफत प्रवास करता येतो, आणि ६५ ते ७५ या वयोगटाला निम्मे तिकीट पडते. महिलांना तर १७ मार्च २०२३ पासून वयाची अट न घालता निम्मी सवलत आहे. म्हणजे काकांना शून्य आणि काकूंना अर्धे. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे सुमारे १५ टक्क्यांनी वाढले तरी या दोघांच्या खिशाला त्याची झळ जेमतेमच लागली. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड लागते. वाहन चालवण्याचा परवानाही चालतो, आणि काका गमतीने तोच दाखवतात.

याची तुलना रेल्वेशी करून पाहावी. ज्येष्ठ नागरिकांना मिळणारी तिकीटसवलत रेल्वेने २० मार्च २०२० पासून थांबवली ती पुन्हा सुरू केलेली नाही. पूर्वी साठीपुढील पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नपुढील महिलांना ५० टक्के सूट असे. खालचा बर्थ मिळण्याची सोय तेवढी शिल्लक आहे. रात्रभराच्या प्रवासाला, उदाहरणार्थ नागपूरला लग्नाला जायचे असेल तर, गुडघ्यांसाठी रेल्वेच बरी आणि पूर्ण तिकीट काढूनच जावे. साताऱ्यासाठी एसटीला तोड नाही.

पण एसटीतही अवघड तुकडा दोन टोकांनाच आहे. पहिले टोक घर ते स्वारगेट. मेट्रोने जायचे तर जिल्हा न्यायालय स्थानकात उन्नत मार्गावरून भुयारी मार्गावर उतरावे लागते. ते भुयारी स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे, देशातील सर्वांत खोल स्थानकांपैकी एक. लिफ्ट आहेत, पण एका लिफ्टमधून दुसरीपर्यंत चालणे होतेच. काकांनी एकट्याने एकदा जाऊन ही बदली पाहून ठेवली आणि सामान असताना काकूंना ती नको असा निष्कर्ष काढला. साताऱ्याला जाताना ते आता घरापासून स्वारगेटपर्यंत रिक्षा करतात. मोफत प्रवासाच्या आधी शंभरावर रुपयांची रिक्षा हे विचित्र वाटते खरे, पण पुढचे एकशे दहा किलोमीटर जवळजवळ फुकट असल्यावर तो खर्च सहज पचतो.

दुसरे टोक साताऱ्यानंतरचे. काकूंच्या माहेरी एसटी दिवसातून दोनदाच जाते. एरवी वडाप, म्हणजे माणसे भरून जाणारी खासगी जीप. वडापच्या जीपमध्ये मागे दाटीवाटीने बसणे काकूंना शक्य नाही आणि पुढची जागा मागून मिळेलच असे नाही. म्हणून पुण्याहून निघण्याची वेळ त्या गावच्या दुपारच्या गाडीवरून मागे मोजत ठरवायची, आणि ती गाडी चुकली तर भाचा मोटारसायकलऐवजी शेजाऱ्यांचा टेम्पो घेऊन येतो, असा घरगुती बंदोबस्त आहे. वेळापत्रकातील शेवटचा दुवा आधी धरायचा, ही युक्ती काकूंचीच. काका मोटार चालवत होते तोपर्यंत असे काही करायची गरज पडली नव्हती.

या प्रकरणात मला सर्वांत अनपेक्षित वाटले ते काकूंच्या बाबतीत घडले. त्या कधीच गाडी चालवत नव्हत्या, म्हणजे ‘गाडी सुटली’ ती काकांची. पण आधीची अनेक वर्षे त्यांचे बाहेर जाणे काकांच्या गाडीच्या वेळेला बांधलेले होते. ‘अहो, मला सोडता का?’ असे विचारावे लागे, आणि काकांना कंटाळा असेल तर जाणे रद्द होई. रिक्षा ठरली, एसटीचे अर्धे तिकीट हाताशी आले, ॲपवर बस पाहता येऊ लागली, तशी त्यांनी गणपतीनंतर माहेरची फेरी एकटीने केली. काकांना हे सुरुवातीला फारसे रुचले नाही, हेही लिहायला हवे. मोटार थांबल्याने आपली गरज संपली असे त्यांना काही दिवस वाटत होते, आणि ते त्यांनी बोलून दाखवले नाही, फक्त काकूंच्या बसची वेळ पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

मोटारीचे पैसे

मोटार लगेच विकली नाही. काका तयार नव्हते, आणि पर्यायी व्यवस्था चालते की नाही हे पाहिल्याशिवाय तसा आग्रह धरणेही योग्य नव्हते. मधला मार्ग म्हणून तासावर ड्रायव्हर बोलावण्याचा प्रयोग झाला. आपली गाडी, दुसऱ्याचा हात. कागदावर हा पर्याय आकर्षक आहे, आणि एकाच दिवशी चार ठिकाणी जायचे असेल किंवा पाहुण्यांना घेऊन फिरायचे असेल तर तो खरोखर चांगला आहे. पण ड्रायव्हर किमान काही तासांचे पैसे घेतो. अडीच किलोमीटरच्या दवाखान्यासाठी ते परवडत नाही. शिवाय उभी राहिलेली गाडी खर्च करतच असते. हजार सीसीच्या आतील मोटारीचा नुसता तृतीय पक्ष विमा वर्षाला २,०९४ रुपये आणि त्यावर कर. सर्व्हिसिंग, हवा, आणि पावसाळ्यात दोन आठवडे गाडी हलवली नाही की उतरणारी बॅटरी.

दिवाळीनंतर काकांनी स्वतःच गाडी विकायचे ठरवले. एक लाख वीस हजार रुपये आले. ते पैसे घरखर्चात मिसळू द्यायचे नाहीत यावर मी अडून बसलो होतो. ती रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवली. ८.२ टक्के व्याजाने वर्षाचे ९,८४० रुपये, आणि व्याज दर तिमाहीला मिळत असल्याने खात्यात २,४६० रुपये जमा होतात. महिन्याला ८२० पडतात. काकूंची निम्म्या वाट्याची रिक्षा ३३६ रुपये, मेट्रो-बस आणि स्थानकापर्यंतची रिक्षा मिळून साधारण तेवढेच किंवा थोडे जास्त. बहुतेक महिने या ८२० रुपयांत बसतात. साताऱ्याची फेरी किंवा डोळ्यांची तपासणी असलेल्या महिन्यात वर थोडे घालावे लागते. या हिशेबाचा मोठा उपयोग आकड्यापेक्षा वेगळाच झाला: रिक्षा करताना काकांना आता पेन्शनमधून पैसे जातात असे वाटत नाही. ते म्हणतात, गाडीच पेट्रोल घालते आहे.

ज्यांच्याकडे मोटार नव्हती, जुनी स्कूटर होती, त्यांना हा मार्ग उपलब्ध नाही. स्कूटर विकून येणाऱ्या पैशांचे व्याज महिन्याला दोन रिक्षाफेऱ्यांनाही पुरत नाही. आमच्या संघात असे सभासद जास्त आहेत. त्यांच्यासाठी वेळा जुळवून रिक्षा वाटून घेणे, एवढाच भाग जसाच्या तसा उचलता येतो, आणि त्यासाठी एकाच सोसायटीत, एकाच दिशेला जाणारी दोन-तीन माणसे सापडावी लागतात. स्वतंत्र घरात राहणाऱ्यांना ती सापडत नाहीत.

जे सुटलेले नाही

रात्रीचा प्रवास अजून अडलेला आहे. मेट्रो जानेवारी २०२५ पासून रात्री अकरापर्यंत चालते आणि बालगंधर्व रंगमंदिर छत्रपती संभाजी उद्यान स्थानकाच्या जवळ आहे. परंतु नाटक संपल्यावर अंधारात स्थानकापर्यंत चालणे काकांना जमत नाही, आणि घराकडच्या टोकाला त्या वेळी रिक्षा मिळेलच असे नाही. संघातील चौघे-पाचजण मिळून दुपारचे प्रयोग पाहू लागले आहेत. रात्रीच्या मैफली मात्र सुटल्या, आणि काकांना त्यांची उणीव इतर कशाहीपेक्षा जास्त जाणवते. तातडीच्या आजारासाठी १०८ ची रुग्णवाहिका विनामूल्य आहे, तो क्रमांक फ्रिजवर लावला आहे. पण तातडीचे नाही आणि सकाळपर्यंत थांबताही येत नाही, अशा दुखण्याला काय करायचे, याचे उत्तर मुलाचा फोन हेच आहे.

दुसरा प्रश्न शाळेच्या सुट्टीचा. रिक्षावाल्यांनी आपल्या जागी त्याच स्टँडवरील एकाचे नाव सुचवले आहे, पण त्यांना महिनाअखेरचा हिशेब नको, रोजचे रोख हवे आहेत. शेजारणीला त्यांच्याबरोबर जायचे की नाही हे अजून ठरलेले नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापूर्वी तिघांनी एकदा बसून ते ठरवायचे आहे, आणि जमले नाही तर फिजिओथेरपिस्टच्या घरभेटीचे मे आणि अर्ध्या जूनचे पैसे तिमाहीच्या व्याजातून आधीच बाजूला काढायचे आहेत.